कठड्यापाशी उभा हर्शेल

हर्शेल टिबेट्स हा माझा धाकटा भाऊ. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे काही बोलणार आहे, त्यावरून तुमचा तसा समज व्हायला वेळ लागणार नाही. गावाबाहेर मोठ्या रस्त्याला त्याचं टायरचं दुकान आहे. कडाक्याच्या थंडीत कुणाची गाडी शेताच्या कडेला बंद पडली, तर पहिला फोन हर्शेललाच जातो आणि तो जेवणाचं ताट बाजूला सारून उठतो. चर्चची बाकं तोच दुरुस्त करतो. शेजारच्या म्हातारीचं अंगण वर्षभर झाडतो. एरवी शांत, हसतमुख, देवमाणूस म्हणाना.

पण ऑगस्ट सरत आला की त्याच्या अंगात येतं.

आमचं कॉलेज म्हणजे टलावा. 'आमचं' म्हणते खरी, पण आमच्या घराण्यातलं कुणीही त्या कॉलेजात एक दिवस शिकलेलं नाही. मी शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढला, हर्शेलने टायर बदलले, पप्पांनी लाकूड कापलं. तरी टलावाचा फुटबॉलचा संघ आमचा. किरमिजी रंग आमचा. हे अलाबामात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दर शनिवारी सकाळी आमचा तंबू स्टेडियमसमोरच्या गवतावर लागतो. मी कोंबडी तळून नेते, उकडलेल्या शेंगांचं पातेलं नेते, केळ्याचं पुडिंग नेते, आणि आजूबाजूच्या सगळ्यांना खायला घालते. मीही काही कमी वेडी नाही. पण माझं वेड शनिवारी संध्याकाळी तंबूबरोबर गुंडाळलं जातं. हर्शेलचं नाही.

संघ जिंकला तर रविवारी चर्चमध्ये त्याचा आवाज सगळ्यांत वर. हरला की तोंड शिवलेलं. घरात बायकोशी बोलायचं नाही, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही, मंगळवारपर्यंत मौन. नेल्डा, म्हणजे त्याची बायको, हॉस्पिटलात नर्स आहे. ती मुद्दाम शनिवार-रविवारची ड्यूटी मागून घ्यायची. मला म्हणायची, "मोझेलताई, तिथले पेशंट निदान हूं की चूं तरी करतात."

आणि मेरिडेलचं नाव काढलं की संपलंच. मेरिडेल कॉलेज उत्तरेला, नारिंगी रंगवालं. सीझनचा शेवटचा सामना त्यांच्याशी, एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. पप्पांच्या तरुणपणी एकदा मध्यंतरात मेरिडेलचा बँड आमच्या मैदानावर आला आणि मधोमध रंगवलेल्या आमच्या चिन्हावर मुद्दाम पाय आपटत नाचला. पप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते पायऱ्या उतरून खाली कठड्यापाशी गेले, मैदानाकडे पाठ केली, आणि वर बघून स्टँडमधल्या लोकांना ओरडले, "ह्यांचं तोंडसुद्धा बघू नका!" सगळा दक्षिण स्टँड गर्रकन पाठ फिरवून उभा राहिला. बिचारा बँड वाजवत राहिला आणि समोर हजारो पाठी.

तेव्हापासून ती रीतच पडली. पप्पा गेल्यावर कठड्याजवळची जागा हर्शेलकडे आली. मध्यंतर झालं की तो खाली उतरतो, आमच्याकडे तोंड करून उभा राहतो आणि टोपी काढून उंच धरतो. टोपी वर गेली की सगळ्यांनी उठायचं. टोपी डोक्यावर आली की सगळ्यांनी फिरायचं. गावातली लहान पोरंसुद्धा दारात हा खेळ खेळतात. गंमत म्हणजे ज्याने हे सगळं करायचं, तो आधीपासूनच मैदानाकडे पाठ करून उभा. त्यामुळे मेरिडेलचा बँड कसा दिसतो हे पप्पांनी त्या पहिल्या दिवसानंतर कधी पाहिलं नाही, आणि हर्शेलने तर जन्मात नाही.

आता ऐका. ह्या हर्शेलची एकुलती एक मुलगी, डेलनी, मेरिडेलला शिकायला गेली.

त्यात तिचा काय दोष? पोरीला औषधशास्त्र शिकायचं होतं. टलावात तो विषयच नाही. मेरिडेलने सगळी फी माफ केली, वर बँडमध्ये घेतलं. डेलनी ट्यूबा वाजवते. ट्यूबा म्हणजे तो अंगाभोवती गुंडाळायचा पितळी भोंगा, डोक्याच्या वर ज्याचं तोंड परातीएवढं उघडतं. पोरगी अंगाने काडी, पण तिने तो उचलला आणि फुंकला की खिडकीच्या काचा थरथरतात. हर्शेलनेच तिला लहानपणी दुकानाच्या मागे सराव करू दिला होता. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचा, "टायरचे पैसे घेतो, गाणं फुकट आहे."

पण ती मेरिडेलला गेल्यापासून त्याची जीभ वळेना. दुकानात कुणी विचारलं, "मुलगी कुठे शिकते रे?" तर हा म्हणायचा, "उत्तरेला."

"उत्तरेला कुठे?"

"वर. उत्तरेला."

सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याच्या तोंडून एकदा तरी नाव निघतंय का, ते ऐकायलाच लोक विचारायचे. डेलनी सुट्टीला यायची तेव्हा तिच्या गाडीच्या मागच्या काचेवर नारिंगी 'मे' असायचा. ती गाडी हर्शेलच्या दारात उभी करायची नाही. मग पोरगी माझ्या दारात गाडी लावायची आणि कपड्यांची बॅग ओढत तीन घरं चालत जायची. मी म्हणाले, "हर्शेल, लाज वाटते का रे काही?" तर म्हणतो, "ताई, दुकानाला येणारे लोक बघतात ना." डोंबल बघतात!

मागच्या वर्षी सामना मेरिडेलला होता. डेलनी पहिल्यांदाच मोठ्या मैदानात उतरणार होती. हर्शेलने घरी टीव्हीवर सामना पाहिला, पण मध्यंतराला टीव्ही बंद केला. संध्याकाळी तिचा फोन आला, "बाबा, मी दिसले का?" हा म्हणाला, "अगं, ऐन वेळी सिग्नल गेला." मी तिथेच सोफ्यावर बसले होते. फोन स्पीकरवर होता. मग ती म्हणाली, "बरं." इतकंच. त्यानंतर तिचं घरी येणं हळूहळू कमी झालं. फोन नेल्डाला करायची, मला करायची. बापाला 'नमस्कार सांग' म्हणायची.

ह्या वर्षी सामना आमच्याकडे. आठवडाभर आधी तिचा मला फोन आला.

"आत्या, मला एकटीला वाजवायचं आहे."

"म्हणजे गं?"

"मधेच सगळा बँड थांबणार. मी एकटी पुढे येणार. थोडंसंच आहे, पण एकटी. ट्यूबावाल्यांना असं कधी मिळत नाही, आत्या. आम्ही कायम मागे असतो."

मी म्हटलं, "अगं बाई! तोंड कुठल्या दिशेला?"

"दक्षिण स्टँडकडे."

मी कपाळावर हात मारला.

"आत्या, बाकीच्यांनी पाठ फिरवली तरी मला काही वाटणार नाही," ती म्हणाली. "मी त्याच गावची आहे. मी स्वतः लहानपणी बाबाच्या टोपीकडे बघून फिरलेली आहे. पण त्याने नको. तो एकटा नको. त्याने त्या दिवशी पाठ फिरवली, तर ख्रिसमसला मी घरी येणार नाही. माझ्या मैत्रिणीने बोलावलंय, तिकडे जाईन. आणि मग पुढचंही काही सांगता येत नाही. मी त्याला सांगणार नाही. तू सांगायचं असेल तर सांग."

सांगायचं असेल तर! फोन ठेवला आणि पायात चपला सरकवून तशीच दुकानात गेले.

हर्शेल ट्रकखाली आडवा. बाहेर वर्लिन खुर्ची टाकून बसलेला. वर्लिन म्हणजे हर्शेलचा शाळेपासूनचा मित्र आणि दक्षिण स्टँडमधला शेजारी. दुकानाला त्याचा उपयोग शून्य, पण तो रोज येतो.

"हर्शेल, बाहेर ये. बोलायचंय."

"बोल की. कान बाहेरच आहेत."

मी सगळं सांगितलं. ट्रकखाली पान्याचा आवाज थांबला. वर्लिनने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मोझेलताई, हे काय भलतंच!" वर्लिन म्हणाला. "नऊ हजार माणसं ह्याच्या टोपीकडे बघतात. त्यांना काय सांगायचं, आज पोरगी आलीये म्हणून रीत बंद?"

"तुला विचारलंय का रे मधे?"

हर्शेल बाहेर सरपटत आला. तोंड ग्रीसने माखलेलं. उठून हात पुसत राहिला, पुसून झाले तरी पुसत राहिला.

"ताई, ते पप्पांचं आहे गं," तो म्हणाला. "माझं नाही. मी बंद कसं करू?"

"पप्पांनी कुणाकडे पाठ केली? चिन्हावर नाचणाऱ्या टवाळांकडे. नातीकडे केली असती का?"

"पप्पांची नात मेरिडेलला गेलीच नसती," वर्लिन पुटपुटला.

"वर्लिन, उठ आणि घरी जा, नाहीतर ह्या पान्याने टाळकं फोडीन."

तो उठला नाही, पण गप्प बसला. हर्शेलने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग चेहऱ्यावर एकदम शहाणपण आणून म्हणाला, "असं करतो. मध्यंतराला मी तिथे नसेनच. हॉटडॉग आणायला जातो. टोपी वर्लिन धरेल."

"वा रे वा!" मी म्हणाले. "म्हणजे पोरीने वर बघायचं, आणि बापाची पाठसुद्धा दिसायची नाही! अरे, तिने एकटीने समोर उभं राहायचं, आणि तू तिकडे रांगेत उभा राहून मोहरी जास्त घाला म्हणून सांगणार?"

"मग मी काय करू?" तो ओरडलाच. "तू सांग ना, काय करू? लोक काय म्हणतील मला?"

"लोक काहीही म्हणतील, आणि पुढच्या शनिवारी माझी कोंबडी खायला येतील. ती नाही यायची. कळलं?"

तो परत ट्रकखाली गेला. मी डोक्यात राख घालून घरी आले आणि रागाने पीठ इतकं मळलं की त्या दिवशीची बिस्किटं दगडासारखी झाली.

शनिवारी ऊन छान पडलं होतं. तंबू लागला, शेंगा उकळल्या, लोक खाऊन गेले. हर्शेलच्या अंगात तो नेहमीचा किरमिजी शर्ट, डोक्यावर ती टोपी. मी मुद्दाम विषय काढला नाही. बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि मी जास्त बोलले की तो उलटं करतो, हे मला त्याच्या पाळण्यापासून माहीत आहे.

सामना सुरू झाला आणि आमचं कर्मच फुटलं. पहिल्याच डावात आमच्या पोराच्या हातून चेंडू निसटला, मेरिडेलच्या धिप्पाड गड्याने उचलला आणि पळत थेट आमच्या रेषेपलीकडे पोचला; पहिला टचडाऊन. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक टचडाऊनला पलीकडच्या कोपऱ्यातून त्यांचा बँड पों-पों करून उठायचा. त्यात तो खालचा, पोटात घुमणारा आवाज डेलनीचा होता, हे मला कळत होतं आणि हर्शेललाही कळत होतं. त्याच्या कपाळावरची शीर उडत होती. मध्यंतर होईतो आम्ही एकवीस गुणांनी मागे. आमच्या स्टँडचा पारा असा चढला होता की काडी लावली असती तर भडका उडाला असता.

मेरिडेलचा बँड मैदानात आला. नारिंगी रांगाच रांगा.

आणि आमचे लोक बाकांवर पाय आपटायला लागले. "हर्-शेल! हर्-शेल!" सगळा स्टँड. मागून, वरून, बाजूने. वर्लिनने त्याच्या पाठीत थाप मारली. "जा रे! गुण नाहीत तर नाहीत, निदान एवढं तरी करून दाखव त्यांना. जा!"

हर्शेल उठला.

हॉटडॉगच्या रांगेतसुद्धा गेला नाही, सरळ पायऱ्या उतरला. माझ्या मनात आलं, झालं, संपलं. पोरगी गेली हातची. मला त्याचा इतका राग आला की हातातल्या शेंगा तिथेच टाकून घरी निघावंसं वाटलं.

तो कठड्यापाशी पोचला. आमच्याकडे तोंड केलं. टोपी काढली आणि उंच धरली. अख्खा दक्षिण स्टँड उभा राहिला. मीही उभी राहिले, नाहीतर काही दिसलं नसतं.

त्याच्या मागे, लांब, बँड एकदम थांबला. इतकी शांतता झाली की झेंड्यांची फडफड ऐकू यायला लागली. रांगांमधून एक काडीसारखी मुलगी, डोक्यावर पितळी परात घेतलेली, एकटी चालत पुढे यायला लागली.

हर्शेलला ती दिसत नव्हती. त्याची पाठ होती ना तिकडे. पण आमचे चेहरे त्याला दिसत होते. माझा चेहरा दिसत होता का कोण जाणे. मी काही खूण केली नाही. फक्त बघत होते आणि मला रडू येत होतं.

टोपी हवेत. हात ताठ. सगळे टाचेवर वळायच्या तयारीत. आता टोपी डोक्यावर येणार.

ती आलीच नाही. हात खाली आला, आणि चर्चमध्ये किंवा राष्ट्रगीताला आमचे पुरुष धरतात तशी त्याने टोपी छातीशी धरली. आणि तो फिरला. आमच्याकडे पाठ करून, मैदानाकडे तोंड करून उभा राहिला.

एवढी वर्षं तो मेरिडेलकडे पाठ करत आला होता. त्या दिवशी त्याने आमच्याकडे केली.

कुणाला काही कळेना. टोपी डोक्यावर आलीच नाही, तर फिरायचं कसं? "हर्शेल, टोपी घाल!" वर्लिन किंचाळला. "अरे टोपी! टोपी!" काहीजण आपले आपण फिरले, इकडे तिकडे बघून परत सरळ झाले. बाकीचे नुसते उभे. आणि मग मला उमगलं की खाली मैदानातून हे काय दिसत असेल! हजारो किरमिजी माणसं, ताठ उभी, तिच्याकडे बघत. जणू तिच्या मानासाठीच उठलेली. मला रडता रडता हसू फुटलं. शेजारच्या बाईला वाटलं मला चक्कर येतेय.

डेलनी थांबली. तिने वर बघितलं. आधी सगळा स्टँड बघितला असेल, मग कठडा बघितला. ट्यूबा तोंडाला लावला आणि पहिलाच सूर फाटला. खरं सांगते, म्हशीने हंबरावं तसा फाटला. आमचे काहीजण हसले. तिने भोंगा खाली केला, दोन श्वास घेतले आणि पुन्हा लावला.

मग जे वाजवलं ना पोरीने! मला गाण्यातलं काही कळत नाही. पण तो आवाज पायाखालच्या लोखंडातून वर आला आणि छातीत जाऊन बसला. त्या भोंग्यातून इतकं गोड काही निघू शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं. हर्शेल हलला नाही. मला त्याची फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ हुंदक्यांनी गदगदत होती.

बँड बाहेर गेला तसा वरून बर्फाचा अख्खा पेला येऊन त्याच्या मानेवर आदळला. "गद्दार!" कुणीतरी ओरडलं. त्याने मान झटकली, मागे वळून पाहिलं नाही. कठड्याच्या कडेकडेने सरळ मेरिडेलवाल्यांच्या कोपऱ्याकडे चालायला लागला. मी धावत मागे गेले. वय झालंय माझं, धाप लागली.

कोपऱ्यात एक पोरसवदा पहारेकरी. त्याने हर्शेलचा शर्ट बघितला आणि हात आडवा केला. "काका, चुकलात. आपली माणसं तिकडे आहेत."

"माझी मुलगी इकडे आहे," हर्शेल म्हणाला. "मेरिडेलला शिकते."

अहाहा! निघालं एकदाचं नाव तोंडातून. पहारेकऱ्याला काय कळणार त्याची किंमत? त्याने नुसती मान हलवली आणि आम्हाला सोडलं.

मध्यंतरानंतर बँडवाल्यांना थोडा वेळ मोकळीक असते. डेलनी पायरीवर बसून पाणी पीत होती. बाप समोर येऊन उभा राहिला. दोघंही मख्ख. टिबेट्स घराण्यात हे असंच. शेवटी मीच म्हणाले, "अगं, सरक जरा, बसू दे त्याला."

तो बसला. म्हणाला, "पहिला सूर फाटला."

"माहितीये, बाबा."

"पुढचं छान होतं."

"तू बघितलंस?"

"सगळं बघितलं." मग थांबून म्हणाला, "डेलनी, मागच्या वर्षी सिग्नल गेला नव्हता."

"तेही माहितीये."

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी तोंड फिरवलं आणि मैदानाकडे बघत बसले, कारण मला माझं नाक पुसायचं होतं.

आता तुम्हाला वाटेल, हर्शेल सुधारला, शांत झाला, साधू झाला. छे हो! शेवटच्या डावात आमच्या पोरांनी काय मुसंडी मारली! एक टचडाऊन, मग दुसरा, मग तिसरा. त्या सगळ्या नारिंगी गर्दीत हा एकटा किरमिजी माणूस उड्या मारून बोंबलतोय, आणि डेलनी त्याच्या शर्टाला धरून खाली ओढतेय, "बाबा, बस ना! सगळे बघताहेत! माझी अब्रू जाईल!" तिच्या बाजूची पोरं पोट धरून हसत होती. एकाने त्याला उकडलेल्या शेंगा दिल्या. हर्शेलने एक खाऊन तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "मीठ कमी आहे." पण संपवल्या.

शेवटी दोन गुणांचा फरक राहिला. घड्याळात काही क्षण. आमच्या पोराने लाथ मारायची, चेंडू दोन खांबांमधून गेला की सामना आमचा. चेंडू उंच गेला. वळला. वळतच गेला. खांबाच्या बाहेरून गेला.

आमचा स्टँड गार पडला. इकडे मात्र दणका उडाला, लोक एकमेकांच्या गळ्यात पडायला लागले. हर्शेल मटकन खाली बसला, डोकं दोन्ही हातांत धरून. मला त्याची ती बसण्याची तऱ्हा चांगली ठाऊक आहे. आता मंगळवारपर्यंत मौन.

बँडच्या मास्तरांनी हात वर केले. विजयाचं गाणं. सगळ्यांनी वाद्यं उचलली. डेलनीने ट्यूबा अंगावर घेतला, बापाकडे पाहिलं, आणि तशीच उभी राहिली. भोंगा तोंडाला लावेना.

"वाजव," हर्शेल म्हणाला. डोकं वर न करता.

"राहू दे, बाबा. एकीने नाही वाजवलं तर काही कळत नाही."

"मला कळेल. वाजव म्हणतो ना. फक्त तोंड जरा तिकडे कर, माझ्या कानात नको."

ती हसली, रडली, आणि वाजवायला लागली. ते गाणं आम्ही दोघांनी जन्मभर कानांत बोटं घालून टाळलेलं. हर्शेलने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. डोळे मिटून, दाढेत विंचू चावल्यासारखा चेहरा करून, पण ऐकलं.

गाणं संपलं. मुलं बसकडे निघाली. डेलनीने ट्यूबा खाली ठेवला आणि त्याच्यापुढे उकिडवी बसली.

"बाबा, बरा आहेस ना?"

"नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही. अगदी मेल्यासारखं वाटतंय. कसा काय चुकला गं तो? समोर तर होते खांब!" आणि मग, मी इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हरल्याच्या संध्याकाळी न ऐकलेली गोष्ट ऐकली. त्याने दुसऱ्या कुणाबद्दल काहीतरी विचारलं. "ख्रिसमसला कधी सुटतेस तू? मी न्यायला येऊ?"

"तिकडे?" तिला खरंच वाटेना. "मेरिडेलला? कॉलेजात?"

"मग काय रस्त्यात उभी राहणार आहेस सामान घेऊन? तुझी खोलीही बघितलेली नाही मी. माझे शनिवार आता रिकामेच आहेत. सीझन संपला." त्याने शर्ट खाली ओढून नीट केला. "पण सांगून ठेवतो, मी येईन तर ह्याच शर्टात येईन."

"ये ना, बाबा," ती म्हणाली. "कुठल्याही शर्टात ये. फक्त ये."